प्रेताची ओळख कुणी पटवली?

आमच्या ऑफिसात मध्यरात्री सिस्टीम पडली की दोन-तीन जणांच्या अंगात शेरलॉक होम्स संचारतो. त्यात पहिला मी. लॉग उघडायचे, कुठल्या मिनिटाला काय झालं ते मांडायचं, कुणाचा कोड कधी लाइव्ह गेला ते पाहायचं आणि पहाटे ‘सापडला!’ असं ग्रुपवर टाकायचं. झोपेचं खोबरं होतं, बॉस वैतागलेला असतो, पण आत कुठेतरी मजा येत असते. सॉफ्टवेअरवाले हे सहसा कबूल करत नाहीत. मला ती मजा भारी आवडायची. ‘आवडायची’ असं का म्हणतोय, ते पुढे येईल.

या नादातच मला एक पुस्तक सापडलं. ‘द रेड हाउस मिस्टरी’. लेखक ए. ए. मिल्न. हो, तेच ‘विनी द पू’वाले. मधाच्या बरणीत डोकं अडकवून घेणारं अस्वल लिहिण्याच्या चार वर्षं आधी, १९२२ साली, त्यांनी खुनाची एक कादंबरी लिहिली होती. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर ती फुकट मिळते. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसच्या सीटवर बसून मी ती तीन दिवसांत फोनवर वाचली आणि लगेच तीन जणांच्या गळ्यात मारली.

पहिला ऑफिसातला मित्र, माझा रात्रपाळीचा वॉटसन. त्याचा निकाल: “एक नंबर. डोक्याला ताप नाही, हसू येतं, संपतं.” दुसरी आतेबहीण, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. तिने निम्म्यातच मेसेज केला: “यांच्याकडे पंचनामा वगैरे काही प्रकार नसतो का?” तिसरे बाबा. ते इंग्रजी कादंबऱ्या वाचत नाहीत, म्हणून रात्री जेवताना मी त्यांना गोष्ट सांगितली. त्यांनी पोळीचा तुकडा हातात तसाच धरून विचारलं, “घरात माणूस मेलाय आणि हे दोघे एवढे खुशीत कसे?”

मला वाटलं होतं, ही आमच्या घरातली मतं. पुढे शोधत गेलो तेव्हा कळलं, हेच भांडण या पुस्तकावरून गेली शंभर वर्षं चालू आहे. आणि त्यात उतरलेले वाचक साधेसुधे नव्हते.

विनोदी लेखकाने खून का करावा?

मिल्न यांचा जन्म १८८२चा. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात ते गणित शिकले, पण पोट भरलं विनोदावर. १९०६पासून पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत ते ‘पंच’ या प्रसिद्ध विनोदी साप्ताहिकाचे सहायक संपादक होते. हलकंफुलकं, चिमटे काढणारं, चहाच्या कपाबरोबर वाचावं असं लिहिणं ही त्यांची ओळख.

अशा माणसाने एक दिवस आपल्या एजंटला सांगितलं की मी रहस्यकथा लिहितोय. एजंट गडबडला, प्रकाशकही गडबडला. ‘पंच’च्या विनोदी लेखकाकडून लोकांना विनोदी कादंबरीच हवी असते, असं त्यांचं म्हणणं. मिल्न यांनी ऐकलं नाही. पुस्तक आलं, चाललं. मग दोनेक वर्षांनी ते म्हणाले, आता मी लहान मुलांच्या कविता लिहितोय, तर तीच मंडळी म्हणू लागली की लोकांना तुमच्याकडून आणखी एक रहस्यकथा हवी आहे! हा किस्सा मिल्न यांनीच १९२६च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितला आहे. ‘विनी द पू’ आलं तेही याच वर्षी. पुढे त्या अस्वलाने लेखकाचं बाकी सगळं लेखन खाऊन टाकलं, ही वेगळी गोष्ट.

तेव्हा मिल्न यांनी खुनाची कादंबरी का लिहिली? उत्तर अगदी साधं आहे. त्यांना रहस्यकथा वाचायला आवडायच्या आणि त्यांच्या वडिलांनाही आवडायच्या. पुस्तक वडिलांनाच अर्पण केलं आहे. म्हणजे हे पुस्तक मुळात एका वाचकाने दुसऱ्या वाचकासाठी लिहिलेलं आहे. त्याच्याबद्दल वाचकांनी इतकी वर्षं भांडावं, हे ठीकच झालं.

काळही तसाच होता. अगाथा ख्रिस्तींची पहिली कादंबरी १९२०ची, डोरोथी सेयर्स यांची १९२३ची. मिल्न बरोबर मध्ये. खेड्यातला बंगला, जमलेले पाहुणे, एक प्रेत आणि एक हुशार माणूस, हा साचा अजून ओला होता.

हौशी गुप्तहेर

गोष्ट अशी. रेड हाउस नावाचा बंगला. मालक मार्क ॲब्लेट, पैसेवाला, स्वतःवर खूश असलेला गृहस्थ. घरात पाहुणे राहायला आले आहेत. सकाळी चहाच्या टेबलावर मार्क सांगतो की ऑस्ट्रेलियाला गेलेला माझा वाया गेलेला भाऊ रॉबर्ट आज येतोय. दुपारी रॉबर्ट येतो. त्याला मार्कच्या ऑफिसच्या खोलीत बसवतात. गोळीचा आवाज. दार आतून बंद. मार्कचा चुलतभाऊ आणि कारभारी केली ते दार बडवतोय. नेमका त्याच वेळी तिथे एक अनोळखी तरुण येऊन ठेपतो: अँटनी गिलिंगहॅम.

हा अँटनी पोलीस नाही, वैज्ञानिक नाही, कशातलाच तज्ज्ञ नाही. आईकडून वर्षाला चारशे पौंड मिळण्याची सोय झालेली असल्यामुळे हौस म्हणून वेगवेगळ्या नोकऱ्या करत फिरणारा प्राणी. वेटर झाला, दुकानात उभा राहिला, वार्ताहर झाला, कुणाचा खासगी नोकर झाला. सहज वाटलं म्हणून एका स्टेशनवर उतरला, तिथे कळलं की मित्र बिल बेव्हर्ली जवळच्याच बंगल्यात पाहुणा आहे, म्हणून त्याला भेटायला चालत आला. समोर प्रेत. मग काय, पुढची नोकरी ठरली: गुप्तहेर!

अँटनी आणि केली खिडकीतून आत जातात. जमिनीवर एक माणूस मरून पडलेला. मार्क गायब. केली प्रेत पाहतो आणि सांगतो की हा रॉबर्ट. म्हणजे भावाने भावाला मारलं आणि पळाला. पोलीस मार्कच्या मागे लागतात.

पुढचं पुस्तक म्हणजे अँटनी आणि बिल यांची धमाल. आपण शेरलॉक-वॉटसन खेळतोय हे दोघांना माहीत आहे आणि ते उघडपणे तसं बोलतातही. ग्रंथालयात प्रवचनांच्या रटाळ पुस्तकांमागे भुयाराचं तोंड सापडतं, आणि ते भुयार बाहेर निघतं कुठे, तर क्रोकेचं सामान ठेवायच्या पेटीत! रात्री कुणीतरी तळ्यात पिशवी टाकतं. त्या पिशवीसाठी बिल तळ्यात बुड्या मारतो, आणि पिशवीत सापडतात मार्कचे सगळे कपडे, फक्त एक कॉलर नाही. ही नसलेली कॉलर फार सुंदर धागा आहे. जे हजर नाही ते पुरावा म्हणून पाहणं, हे आम्हा डिबगिंगवाल्यांना लगेच कळतं: आलेला एरर पाहणारा ज्युनियर, यायला हवा होता तो न आलेला लॉग पाहणारा सीनियर.

अमेरिकेतले गाजलेले समीक्षक अलेक्झांडर वूलकॉट हे पुस्तक वाचून इतके खूश झाले की त्यांनी ते आजवरच्या सर्वोत्तम तीन रहस्यकथांत बसवलं. माझ्या मित्राचं ‘एक नंबर’ म्हणजे तेच, जरा कमी शब्दांत.

पहिले दोन वाचक: लेखक आणि पाद्री

१९२६च्या त्या प्रस्तावनेत मिल्न यांनी एक वाचक म्हणून आपल्या अटी मांडल्या आहेत. रहस्यकथा साध्या, सरळ इंग्रजीत हवी. तिच्यात प्रेमप्रकरण नको. भुकटी विषारी आहे की नाही या काळजीत वाचक असताना नायकाने नायिकेचा हात धरून बसू नये. गुप्तहेर हौशी हवा. सूक्ष्मदर्शकाखाली धुळीचा कण पाहून खुनी ओळखणारा शास्त्रज्ञ नको, कारण वाचकाकडे सूक्ष्मदर्शक नसतो. जे गुप्तहेराला दिसतं तेच वाचकालाही दिसलं पाहिजे. आणि एक वॉटसन हवाच, म्हणजे गुप्तहेराच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला वेळोवेळी कळत राहतं, सगळं शेवटच्या प्रकरणापर्यंत दाबून ठेवलं जात नाही.

या अटींमध्ये एक लोकशाही आहे, ती मला आवडते. तर्क ही कुणा तज्ज्ञाची मक्तेदारी नाही, डोळे उघडे ठेवणाऱ्या कुणालाही तो जमतो. बिल आणि अँटनी यांच्यातल्या थट्टेत हीच गोष्ट झिरपते. हुशारीचा धाक नाही, मैत्री आहे.

दुसरा वाचक रोनाल्ड नॉक्स. हे पाद्री होते आणि रहस्यकथाही लिहायचे. १९२९ साली त्यांनी रहस्यकथांसाठी दहा नियम मांडले, त्यातला एक असा की एका कथेत एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या किंवा भुयारं असू नयेत. आणि तो समजावताना त्यांनी मिल्न यांचा कान धरला: रेड हाउसमधलं भुयार काही न्याय्य नाही. जुन्या, छळाच्या काळातल्या घरात भुयार असेल तर समजू शकतो. पण आताच्या घरात कुणी बांधलं, तर खर्च किती येईल? आणि एवढं बांधकाम चाललं असताना आसपासच्या गावांत कुणालाच कसं कळणार नाही?

हे वाचून मी बसमध्ये मोठ्याने हसलो. गवंडी, मजूर, मातीचे ढिगारे, चहा प्यायला येणारे शेजारी. आपल्याकडे कुणी बाल्कनी बंद केली तरी सोसायटीला कळतं! पण नॉक्स यांचा सूर पाहा. तो खेळातल्या भिडूचा आहे. चेंडू रेषेबाहेर गेला असं तो म्हणतो, मैदान खोदून टाका असं म्हणत नाही.

मैदान खोदणारा पंधरा वर्षांनी आला.

चँडलर (इथून पुढे रहस्य फुटणार आहे)

ज्यांना पुस्तक वाचायचंय त्यांनी इथे थांबावं, वाचून परत यावं. मी खुनी कोण ते सांगणार नाही, पण मेला कोण ते सांगावंच लागेल. लेखच त्यावर आहे.

डिसेंबर १९४४मध्ये ‘द अटलांटिक मंथली’त रेमंड चँडलर यांचा ‘द सिंपल आर्ट ऑफ मर्डर’ हा लेख आला. चँडलर तेव्हा छप्पन्न वर्षांचे. आधी तेलाच्या धंद्यात मोठ्या पदावर होते, १९३२ साली नोकरी गेली, मग स्वस्त मासिकांत गुन्हेगारी कथा लिहीत वर आले. १९३९ साली ‘द बिग स्लीप’ आणि त्यातला फिलिप मार्लो यांनी त्यांना नाव मिळवून दिलं. या लेखात त्यांनी इंग्लिश बंगल्यातल्या रहस्यकथेची चिरफाड केली, आणि टेबलावर घेतलं ते ‘रेड हाउस’.

त्यांनी सुरुवात कौतुकाने केली आहे. पुस्तक हसरं आहे, हलकं आहे, आणि ती सहज वाटणारी भाषा लिहायला दिसते तितकी सोपी नाही, हे त्यांनी मान्य केलं. वूलकॉट यांनाही एक चिमटा काढला, की हे गृहस्थ ‘सर्वोत्तम’ शब्द जरा घाईनेच वापरतात. आणि मग मुद्द्यावर आले.

मेलेला माणूस रॉबर्ट नाहीच. खरा रॉबर्ट केव्हाच मेलेला आहे. प्रेत आहे मार्कचं. पाहुण्यांपैकी एका नटीची गंमत करायची म्हणून मार्कने स्वतःच दाढी उतरवून, वेश बदलून भावाचं सोंग घेतलं, आणि त्या सोंगातच त्याला गोळी घातली गेली. म्हणजे सगळं जग ज्या मार्कला शोधतंय, तो पहिल्या दुपारपासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडलेला आहे.

कल्पना झकास आहे. पण चँडलर विचारतात, बाबांनो, प्रेताची ओळख कुणी पटवली? अधिकृत चौकशी बसते, पंच बसतात, आणि मृताची कायद्याला मान्य होईल अशी ओळख पटवलेलीच नाही. ऑस्ट्रेलियाहून आलेला म्हणतात, तर त्याची कागदपत्रं कुठे आहेत? तिकडे चौकशी का नाही? पोलिसांच्या डॉक्टरने प्रेत तपासलं असेल, तर नुकतीच उतरवलेली दाढी आणि मुद्दाम खरखरीत केलेले हात त्याला दिसले नाहीत? एक माणूस हरवलाय, त्याच्याशी मिळताजुळता एक माणूस शवागारात आहे, आणि दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहायचं कुणालाच सुचत नाही?

आतेबहिणीचा ‘पंचनामा’ मेसेज आठवा.

चँडलर यांचा खरा मुद्दा मात्र चुका मोजण्यापुढचा आहे. ते म्हणतात, हे पुस्तक स्वतःला तर्काचं कोडं म्हणवतं, तर त्याला तर्काच्याच मापाने मोजलं पाहिजे. कोड्याचा पायाच खोटा असेल तर उत्तर कितीही चलाख असलं तरी उपयोग नाही, कारण कोडं सोडून या पुस्तकाकडे दुसरं काही नाही. तिथल्या माणसांना वेदना नाहीत, भीती नाही, मेल्यावर कुणी मागे राहत नाही. डॅशिएल हॅमेटसारख्या लेखकांनी खून पुन्हा खऱ्या कारणांनी खून करणाऱ्या माणसांच्या हातात दिला, असं ते म्हणतात.

म्हणजे बाबांचा प्रश्न.

दोघेही खंदकातून आलेले

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत जास्त चटका लावून गेली. चँडलर यांचा लेख वाचताना असं वाटतं की एका बाजूला मृत्यू पाहिलेला रांगडा माणूस आहे आणि दुसऱ्या बाजूला मऊ गादीवरचा विनोदी लेखक. खरं चित्र तसं नाही.

मिल्न १९१५ साली सैन्यात गेले. १९१६मध्ये ते सोमच्या लढाईत संदेशवहन अधिकारी होते, आणि खंदकात होणाऱ्या तापाने आजारी पडून परत आले. पुढे १९३४ साली त्यांनी ‘पीस विथ ऑनर’ हे युद्धविरोधी पुस्तक लिहिलं. चँडलर इंग्लंडमध्ये शिकले, १९१२ साली अमेरिकेत परतले, १९१७मध्ये कॅनडाच्या सैन्यात भरती झाले आणि १९१८मध्ये फ्रान्समध्ये लढले.

दोघांनीही तरुणपणी, एकाच युद्धात, फ्रान्समध्ये खरे मेलेले लोक पाहिले. ज्यांची ओळखही पटवता आली नाही असे. आणि घरी येऊन एकाने अशी गोष्ट लिहिली जिथे प्रेत म्हणजे जेमतेम एक सोंगटी, आणि दुसऱ्याने सांगितलं की प्रेताला सोंगटी करू नका. कोण कुणापासून पळत होतं, हे ठरवायचा मला अधिकार नाही. पण ‘हलकंफुलकं लिहिणाऱ्याला आयुष्य कळलेलं नसतं’ हे वाक्य मी तेव्हापासून बंद केलं.

आणखी एक गंमत. तर्काच्या नावाने मिल्न यांना फाडणाऱ्या चँडलर यांच्या स्वतःच्या ‘द बिग स्लीप’मध्ये एक ड्रायव्हर मरतो. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यावर सिनेमा काढत असताना सेटवर वाद झाला की हा खून की आत्महत्या? चँडलर यांना तार केली. पुढे चँडलर यांनीच एका पत्रात लिहिलं की त्यांनाही ते माहीत नव्हतं!

यावरून त्यांना दुटप्पी म्हणणं सोपं आहे. मी नाही म्हणणार. ‘द बिग स्लीप’ वाचणारा ड्रायव्हरचं कोडं सोडवायला बसलेला नसतो. तो पावसात भिजलेलं लॉस एंजेलिस आणि त्यातून चालणारा एक थकलेला माणूस वाचत असतो. पुस्तकाने जे वचन दिलं ते पाळलं जातं, म्हणून बाकीचं भोक वाचक माफ करतो. मिल्न यांचं वचन मात्र ‘तुम्ही आणि गुप्तहेर एकाच पुराव्यावर चालाल’ हे होतं. म्हणून तिथलं भोक टोचतं.

पण मग एवढ्या वाचकांना ते पहिल्या वाचनात टोचत का नाही? मलाही टोचलं नाही. केलीने ‘हा रॉबर्ट’ म्हटलं आणि मी मान हलवून पुढे गेलो. कारण पुढच्याच पानापासून अँटनीची मजा सुरू झाली होती. मला वाटतं, या पुस्तकातला विनोद म्हणजे नुसता वरचा मसाला नाही. जादूगार एका हाताने रुमाल हलवतो तेव्हा दुसरा हात आपण पाहत नाही; मिल्न यांचा तो रुमाल म्हणजे हसू. हसणारा माणूस पहिला, कंटाळवाणा, कारकुनी प्रश्न विचारत नाही: नाव काय, कुणी सांगितलं, तपासलं का?

वूलकॉट याच गोष्टीवर फिदा झाले आणि चँडलर याच गोष्टीवर चिडले.

माझं भुयार

आता ‘आवडायची’चा खुलासा.

एका संध्याकाळी आमच्याकडे काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले. रात्री कॉलवर सात-आठ जण. मी आणि माझा वॉटसन लॉगमध्ये घुसलो. पहिला दुहेरी व्यवहार १३:१० वाजता. कोड लाइव्ह गेल्याची यादी उघडली: दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी एका नव्या मुलीचा बदल गेलेला. कॉलेजातून सरळ आलेली, चौथा महिना. पाच मिनिटांचं अंतर! धूर निघणारी बंदूकच हातात सापडली. मी कॉलवर वेळापत्रक मांडलं, होम्सच्या थाटात, मधे दोन-तीन विनोद टाकत. लोक हसले. रात्री अकरा वाजता कुणी हसवलं की बरं वाटतंच.

त्या हसण्यात ती हळूच म्हणाली, “ही वेळ कुठली आहे, इंडियाची की यूटीसी?”

मी म्हणालो, “खुनी नेहमी घड्याळाबद्दलच विचारतो.” पुन्हा हशा.

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं. १३:१० म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे सहा चाळीस. तिच्या बदलानंतर साडेपाच तासांहून अधिक काळ सगळं व्यवस्थित चाललं होतं. सहा पस्तीसला एक ‘छोटासा’ सेटिंगचा बदल गेला होता: बँकेचं उत्तर यायची वाट किती सेकंद पाहायची, तो आकडा कमी केलेला. उत्तर यायच्या आतच सिस्टीम पुन्हा पैसे मागत होती. तो बदल माझा होता. इतका किरकोळ वाटला होता की मी तो विसरूनही गेलो होतो.

हे सकाळी दुसऱ्या एका सीनियरने काढलं. मी ग्रुपवर लिहून माफी मागितली, तिला वेगळा मेसेजही केला. ती म्हणाली, “इट्स ओके.” पुढे दोन महिने कॉलवर ती म्यूटवरच असायची. मग तिने टीम बदलून घेतली.

‘रेड हाउस’ मी यानंतर काही आठवड्यांनी वाचलं आणि चँडलर त्यानंतर. ‘प्रेताची ओळख कुणी पटवली?’ हा प्रश्न वाचला तेव्हा बस वाकडच्या पुलावर उभी होती आणि माझे कान तापले होते. घड्याळाची ओळख मी पटवली नव्हती. केलीने सांगितलं, सगळ्यांनी मानलं. लॉगने सांगितलं, मी मानलं. आणि जिने ओळख विचारली, तिलाच मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून हशा मिळवला.

मिल्न यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. अँटनी अनेक तर्क करतो, त्यातले काही साफ चुकतात, आणि तो ते बिलपुढे मान्य करतो. मेला तो खरंच रॉबर्ट होता का, हा प्रश्न शेवटी तोच विचारतो, आणि तिथेच पुस्तक सुटतं. पुस्तकात तो प्रश्न शेवटी येतो म्हणून आपण टाळ्या वाजवतो. प्रत्यक्षात तो पहिल्या तासात, फॉर्म भरणाऱ्या कारकुनाने विचारायचा असतो, आणि तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नाही.

मग पुस्तक चांगलं की वाईट? मी आजही ते लोकांच्या गळ्यात मारतो. मैत्री कशी लिहावी, सरळ भाषेत गंमत कशी आणावी, यासाठी ते वाचावंच. फक्त आता सोबत चँडलर यांचा लेखही पाठवतो. एक वाचक खेळाच्या आनंदाची बाजू घेतो, दुसरा खेळात जो मेला त्याची. दोघांपैकी एकालाच खोलीत ठेवलं की काय होतं, ते मी पाहिलंय.

आमच्या चुकांच्या अहवालाच्या कागदावर आता पहिली ओळ मी टाकून घेतली आहे: ‘वेळ कुठल्या घड्याळाची?’ नवी मुलं विचारतात, एवढं साधं का लिहिलंय?

बाबांना मी शेवटपर्यंत गोष्ट सांगितली. भुयार, कॉलर, सोंग, सगळं. ते म्हणाले, “डोकं चांगलं लावलंय.” मग ताट उचलता उचलता थांबले. “पण मग त्या मार्कसाठी कुणी रडलं का रे?”

मी आठवून पाहिलं. मला एकही प्रसंग आठवला नाही.